घातक कचऱ्याची जागा साफ होताना गावाला कधी, काय आणि कसं विचारायचं

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांत भरून, जाळून टाकण्यासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला निघाला. उच्च न्यायालयाचा आदेश होता, पोलिसांचा बंदोबस्त होता, गाड्यांसाठी रस्ता मोकळा ठेवला होता. तरी ३ जानेवारीला पीथमपूर बंद झालं, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, आणि लोकांशी बोलायला म्हणून सरकारला न्यायालयाकडून सहा आठवडे मागून घ्यावे लागले. तिथल्या लोकांचा विरोध काही त्या रात्री उपजला नव्हता. कचरा शेवटी जूनअखेर जाळून संपला, पण आधी गाड्या आणि मग बोलणी असा उलटा क्रम झाला.

सांगली-साताऱ्यात भोपाळएवढं काही नाही. पण कुपवाड, मिरज, तासवडे, लोणंद, शिरवळ, साताऱ्याची जुनी वसाहत, अशा ठिकाणी कारखाने आहेत म्हटल्यावर प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याच्या कामाचा) गाळ, ईटीपीचा म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा स्लज, काळं तेल, रसायनांची रिकामी पिंपं निघणारच. त्यातलं बहुतेक रीतसर रांजणगावच्या किंवा तळोजाच्या घातक कचरा प्रकल्पात जातं. जे जात नाही ते बंद युनिटच्या मागे, ओढ्याच्या काठाला, एखाद्या जुन्या खाणीत सापडतं. ते सापडल्यानंतरचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी हा लेख आहे: नव्याने निवडून आलेला पंचायत सदस्य, संस्थेत नुकती लागलेली कार्यकर्ती, किंवा ज्याला साहेबांनी ‘गावात एक मीटिंग घेऊन ये’ एवढंच सांगून पाठवलंय तो कन्सल्टंटचा पोरगा.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो. गाळात किती क्रोमियम आहे हे हात वर करून ठरत नाही आणि ठरवूही नये. पण तीन गोष्टी अशा आहेत की त्या इंजिनिअरने एकट्याने ठरवायच्या नसतात: ती जागा पुढे कशासाठी वापरायची, काढलेला माल कोणत्या रस्त्याने कुठे जायचा, आणि काम संपल्यावर लक्ष कोण ठेवणार. गावाला या तीन गोष्टी विचारायच्या, आणि उत्तर बदलायला अजून वाव आहे तोवर विचारायच्या.

आधी हद्द बघा

पहिलं काम सातबारा आणि नकाशा काढायचं. जागा खासगी, गायरान, ओढ्याची की एमआयडीसीची, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कुपवाडची वसाहत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीला लागलेली. शहराच्या हद्दीत ग्रामसभा नावाची गोष्टच नाही. तिथे नगरसेवक, प्रभाग समिती आणि वस्तीतली मंडळं यांच्यामार्फत जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते गावापेक्षा अवघड पडतं. कित्येकदा जागा एका हद्दीत आणि पाणी मुरतं ते शेजारच्या गावात. मग दोन्हीकडे जायचं.

दुसरं, जागा कोणत्या कायद्यात बसते ते बघा. सांगली-मिरजेचे समडोळी रोड, बेडग रोड डेपो किंवा साताऱ्याचा सोनगाव डेपो हा शहराच्या घनकचऱ्याचा विषय. त्याचे नियम वेगळे. आपण बोलतोय ते २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या मालाबद्दल आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने काढलेल्या दूषित जागांच्या नियमांबद्दल. या नव्या नियमांतून घनकचरा डेपो, खाणकाम, किरणोत्सारी कचरा आणि समुद्रातलं तेल वगळलेलं आहे.

नव्या नियमांची वाट

ही वाट माहीत असली की गावाने कधी बोलायचं ते कळतं. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. त्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. संशय खरा वाटला तर आणखी साधारण तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. पातळी मर्यादेपेक्षा जास्त निघाली की ती जागा दूषित म्हणून जाहीर होते, तिथे जाण्या-येण्यावर बंधनं येतात आणि सफाईचा आराखडा तयार होतो. प्रदूषण कोणी केलं ते मंडळाने ९० दिवसांत ठरवायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर केंद्र आणि राज्याने पैसे घालायचे.

गावाने शिरायची जागा पहिल्याच पायरीवर आहे. संशयित जागांचा अहवाल जिल्ह्यातून जातो म्हणजे तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पडला पाहिजे, आणि त्याची प्रत मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात; ते सांगलीतही आहे, साताऱ्यातही. अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडला तर तो नुसता तक्रारअर्ज राहत नाही.

‘जनसुनावणी होईलच की’ असं म्हणून थांबू नका. नवा मोठा प्रकल्प येताना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. जुनी घाण उपसताना तशी सुनावणी आपोआप लागत नाही. ती आपण मागावी लागते.

कागद

यात फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, म्हणून तीन गोष्टी हव्या असतील तर तीन अर्ज. मागायचं काय: युनिटचं संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी) आणि घातक कचऱ्याचं अधिकारपत्र, फॉर्म ४ मधली वार्षिक विवरणपत्रं, आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रत्येक गाडीसोबत जाणारा कागद. संमतीपत्रात वर्षाला किती स्लज निघेल ते लिहिलेलं असतं, मॅनिफेस्टवर प्रत्यक्षात किती गाडीत चढला ते. दोन आकडे शेजारी ठेवले की उरलेला माल कुठे गेला हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आवारात कचरा साठवायची साधारण मर्यादा ९० दिवसांची आहे, हेही ध्यानात असू द्या. ‘पुढच्या वर्षी नेतो’ हे उत्तर चालत नाही.

गावात कुणाला भेटायचं

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला भेटायचंच, पण तिथेच थांबलात तर तुमच्या हाती गावाचं अर्धं चित्र येतं. त्या युनिटमध्ये गावातली पोरं कामाला असतात, कुणाची गाडी भाड्याने लावलेली असते, कुणाची कॅन्टीनची ऑर्डर असते. ही माणसं मीटिंगमध्ये गप्प बसतात किंवा जोरात विरोध करतात. त्यांना खलनायक समजू नका. सफाई म्हणजे कंपनी बंद, असं त्यांच्या डोक्यात असतं, आणि ते तसं नाही हे त्यांना वेगळं बसून सांगावं लागतं.

जागेच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत ते शेतकरी, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी पाण्यावर नेणारी मुलं, आशाताई, दूध डेअरीवर संकलन करणारा, यांच्याकडून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही फाइलमध्ये नसतं. आणि दोन गट कायम सुटतात. एक, हंगामात कोप्या टाकून राहणारे ऊसतोड मजूर. ओढ्याचं पाणी सर्वांत जास्त तेच वापरतात. दुसरा, वसाहतीलगतच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय कामगार. दोघांचीही नावं इथल्या मतदार यादीत नसतात, म्हणून ग्रामसभेत त्यांचा आवाज नाही. त्यांच्याकडे आपणच जायचं.

तासगाव-मिरज पट्ट्यात आणखी एक भीती असते आणि ती अगदी व्यवहारी आहे. ‘आमच्या पाण्यात केमिकल निघालं असं पेपरात आलं तर द्राक्षं घेणार कोण?’ हा प्रश्न उडवून लावणाऱ्याला तिथे दुसऱ्यांदा कोणी चहा विचारत नाही. त्यासाठी एक शिस्त आधीच ठरवून सांगा: कुठल्याही विहिरीचा निकाल पहिल्यांदा त्या विहिरीच्या मालकाला, समोर बसून, समजावून सांगितला जाईल, त्यानंतर गावाला. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर गट नंबरासकट निकाल टाकायचा नाही. ही शिस्त एकदा मोडली की पुढच्या वेळी नमुना घ्यायला बांधावर कोणी उभं करत नाही.

नकाशा घेऊन जाणार असाल तर मोठा छापून घ्या आणि जमिनीवर अंथरा. एका गावात देवळाच्या ओट्यावर असा नकाशा टाकला होता. ओढा निळा, प्लॉट लाल, सगळं नीटनेटकं. एक म्हातारबुवा बराच वेळ बघत बसले, मग उठून त्यांनी नकाशा फिरवला, उगवतीकडे उगवत आणली आणि काठीने दाखवत म्हणाले, “सायेब, वढा पयला हितनं न्हवता. प्लाट पाडलं तवा वळीवला. जुना वढा ह्या बांधाखालनं जायचा.” जुनं पात्र बुजवलेलं असलं तरी त्यातली वाळू-माती मोकळी असते आणि पाणी मुरत जातं ते तिथूनच. बोअर कुठे घ्यायचे ते त्या काठीने बदललं.

पाणी तपासताना

पहिला घोळ इथे होतो. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचं किट असतं, बायकांच्या गटाला प्रशिक्षणही दिलेलं असतं. त्या किटने पीएच, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन असलं कळतं. क्रोमियम, शिसं यांसारखे विषारी धातू किंवा सॉल्व्हंट (विरघळवायला वापरतात ती रसायनं) यातलं काही कळत नाही. तेव्हा ‘किटने तपासलं, पाणी पिण्यायोग्य आहे’ हे वाक्य घातक कचऱ्याच्या बाबतीत निरुपयोगी आहे, आणि गावात ते सर्रास ऐकू येतं.

पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिशाची ०.०१. सहा संयुजेचा क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, भरपूर असला तर पाणी पिवळसर दिसतं; पण मर्यादेच्या आसपास असताना डोळ्याला काहीच दिसत नाही. रंग नाही म्हणून पाणी चांगलं असं नसतं. आणि हे बायकांना आवर्जून सांगा: उकळून धातू जात नाहीत. पाणी आटतं, धातू तेवढेच राहतात.

नमुने कुठले घ्यायचे? जागेच्या वरच्या अंगाची निदान एक विहीर, म्हणजे मूळ पाणी कसं आहे ते कळतं. आणि खालच्या अंगाच्या जमतील तेवढ्या. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. पाणी भेगांनी पळतं. त्यामुळे जागेला लागून असलेली विहीर चांगली आणि लांबच्या मळ्यातला बोअर खराब असं होऊ शकतं, आणि मग ‘जवळच्यात नाही तर लांबच्यात कसं?’ म्हणून भांडणं लागतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा असे दोन नमुने नसतील तर कुठलाही निष्कर्ष काढू नका.

धातूंसाठीची बाटली आणि सॉल्व्हंटसाठीची बाटली वेगळी असते. प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, बिसलेरीच्या बाटलीत भरून नेऊ नका. बाटलीवर गट नंबर, वेळ, विहीर की बोअर, पंप किती वेळ चालवून घेतलं ते लिहा, मालकाची सही घ्या, फोटो काढा. तरीसुद्धा हा नमुना गावाच्या माहितीसाठी. कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने, सीलबंद करून घ्यायचा असतो. आपला निकाल घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि त्यांना नमुना घ्यायला लावायचं. त्या वेळी गावातले दोघे-तिघे हजर राहू द्या. पंचनाम्यावर त्यांच्याही सह्या असाव्यात.

निकाल वाईट आला तर सफाईची वाट बघत बसू नका. त्या दिवशीच पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय मागा. जबाबदारी कोणाची हे ठरायला वर्षं जातात. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात ‘ज्याने घाण केली त्याने भरायचं’ हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं. पैशांची लढाई २०११ पर्यंत चालली. टँकर तेवढा थांबू शकत नाही.

बैठक

कंपनीच्या हॉलमध्ये नको, कुठल्या नेत्याच्या कार्यालयातही नको. शाळा, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप. वेळ संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावरची. जत्रा आणि वारीचे दिवस टाळा. दवंडी, नोटीस आणि ग्रुपवरचा मेसेज तिन्ही द्या. महिलांची सभा आधी घ्या. ग्रामसभेआधी ती घेण्याची कायद्यातच तरतूद आहे, आणि पाण्याबद्दल खरं बोलणं तिथेच होतं.

प्रेझेंटेशन लावलं की लोक भिंतीकडे बघत बसतात. त्याऐवजी पर्याय एकेक करून सांगा. माती खोदून बाहेर नेली तर जागा मोकळी होते, पण महिना-दोन महिने डंपर धावणार, धूळ उडणार आणि आपली घाण दुसऱ्या गावाशेजारी जाणार. जागेवरच जाड प्लास्टिक आणि मातीचा थर देऊन झाकली तर स्वस्तात होतं, पण तिथे पुन्हा कधी विहीर काढता येणार नाही, घर बांधता येणार नाही, आणि झाकण फाटलं की पुन्हा पहिले पाढे. क्रोमियम असेल तर रसायन घालून तो कमी विषारी रूपात आणता येतो. खोदाई कमी लागते, पण वर्षानुवर्षं पाणी तपासत राहावं लागतं. प्रत्येक पर्यायाचा तोटा तुम्ही स्वतःच सांगा. लोकांनी शोधून काढला तर तुम्ही लपवत होतात असंच ठरतं.

मग खरा प्रश्न येतो, किती साफ म्हणजे साफ? कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, आणि मातीतला पारा किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत आणला की पुरे, असं ठरल्यावर स्थानिकांनी त्याला वर्षानुवर्षं हरकत घेतली. पलीकडे जंगल आणि पाणी आहे, तिथे हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हा आकडा शास्त्राचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी जागेच्या वापराचा प्रश्न असतो. कारखान्यासाठी एक पातळी चालते, शाळेच्या मैदानासाठी चालत नाही. म्हणून गावाला ‘किती मिलिग्रॅम?’ असं विचारू नका. ‘वीस वर्षांनी इथे काय असलेलं चालेल? गोडाऊन, गुरांचं रान, की पोरांचं मैदान?’ असं विचारा. आकडा इंजिनिअर काढील.

ठराव

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती हजेरी लागते. हजेरीवह्या नंतर भरल्या की ठराव कोर्टात टिकत नाही, एवढं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नम्रपणे बोलून ठेवा. ‘प्रदूषण थांबलेच पाहिजे’ असा ठराव कोणी वाचत नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘गट नं. … येथील घातक कचऱ्याची जागा २०२५ च्या नियमांप्रमाणे संशयित दूषित जागा म्हणून कळवावी. सफाईचा मसुदा आराखडा अंतिम होण्यापूर्वी मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. सफाईनंतरचा वापर गुरांचे रान असा धरून पातळी ठरवावी. वाहतूक शाळेच्या रस्त्याने व शाळेच्या वेळेत करू नये. प्रत्येक खेपेच्या मॅनिफेस्टची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. जागेवरील निर्बंधांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी.’

ज्या रस्त्याने गाड्या जाणार त्या गावांनाही ठरावाची प्रत पाठवा. हे सहसा कोणी करत नाही.

कुठेच दाद लागली नाही तर पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पीठ आहे. तिथे मुदतीची बंधनं कडक आहेत, म्हणून कार्यालयांचे हेलपाटे चालू असतानाच एखाद्या वकिलाला कागद दाखवून ठेवा.

काम सुरू झाल्यावर

पावसाळा धरून वेळापत्रक मागा. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. उघडा खड्डा किंवा भरलेली पिंपं घेऊन जूनमध्ये शिरायचं नाही. तात्पुरता साठा २०१९ च्या पूररेषेच्या वर असावा, आणि ती रेषा कुठे होती ते नकाशापेक्षा भिंतीवरच्या खुणा नेमकं सांगतात.

पाच-सहा जणांची देखरेख समिती करा, त्यात निदान दोन बायका आणि खालच्या अंगाचा एक विहीरमालक. त्यांना आत जायची लेखी परवानगी, बूट आणि मास्क मिळाले पाहिजेत. त्यांनी बघायचं ते साधं आहे: गाडीवर ताडपत्री आहे का, चाकं धुऊन बाहेर पडते का, ड्रायव्हरजवळ मॅनिफेस्ट आहे का, धूळ उडते तेव्हा पाणी मारतात का, ओढ्याकडे गाळ वाहतोय का. आणि निळी पिंपं. रसायनाची रिकामी पिंपं स्वस्तात बाहेर विकली जातात आणि घरोघर पाणी भरायला वापरली जातात. कायद्याने तीही घातक कचऱ्यातच मोडतात. प्रत्येक पिंपाला भोक पाडूनच ते गेटबाहेर पडेल, असं ठेकेदाराकडून लिहून घ्या.

काम संपल्याचा दाखला निघाला तरी विहिरींची तपासणी चालू राहिली पाहिजे, पावसाळ्याआधी आणि नंतर, निदान पाच वर्षं. पूर येऊन गेला तर मध्ये आणखी एकदा. त्याचा खर्च आराखड्यातच धरून घ्या, नंतर कोणी देत नाही. प्रत्येक निकालाच्या तीन प्रती काढायच्या: एक विहीरमालकाला, एक ग्रामपंचायतीत, आणि एक समितीतल्या कुणाच्या तरी घरी. सरपंच बदलला की ग्रामपंचायतीतली फाइल सापडणार नाही, हे धरूनच ती तिसरी.